'नाशिक'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं : माझ्या होस्टिंग कंपनीला खुलं पत्र

नाशिक, १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जिच्या सर्व्हरवर माझी साइट १९ वर्षं होती, ती कंपनी

स. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचं नाव मी या पत्रात कुठेही घेणार नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला लगेच कळेल, माझ्या तिकिटांचे, म्हणजे तक्रारींच्या नोंदींचे, नंबर तुमच्याकडे आहेतच. मला तुमची बदनामी करायची नाही. मला माझा मजकूर परत हवा आहे. तो परत मिळण्याची आशा ३० जूनपर्यंतच आहे, कारण त्या दिवशी तुम्ही जुना सर्व्हर पुसणार आहात. तीन ईमेल झाल्या, पाच तिकिटं झाली, एक रजिस्टर पोस्ट झालं. त्याची पोचपावती आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुमच्या दप्तरी मी नुसता एक ग्राहक क्रमांक आहे.

भांडीबाजाराच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे, १९९६ पासून. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेची कार्डं. मजकूर लावायचा, प्रूफ काढायचं, दुरुस्त्या करायच्या, ट्रेसिंगवर प्रिंट मारून ऑफसेटवाल्याकडे धाडायचं. हल्ली निम्म्या पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच जातात, त्यामुळे ट्रेसिंग संपलं, पण प्रूफ वाचायची सवय गेली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तुमच्या माणसानं मला फॉन्टविषयी एक सल्ला दिला आहे, त्याची गंमत कळायला हवी.

२००३ च्या सिंहस्थात दुकानात रोज कुणी ना कुणी पत्ता विचारत यायचं. बहुतेकांना रामकुंड नाहीतर साधुग्राम हवं असे. एक वयस्कर गृहस्थ मात्र इंदूरहून आले होते, त्यांना आपल्या आईचं माहेर बघायचं होतं. वाड्याचं आडनाव ठाऊक, बोळ ठाऊक नाही. दोन तास हिंडून आम्ही तो वाडा काढला. जिन्याच्या कठड्याला हात लावून ते बराच वेळ उभे होते. मी रीळवाल्या कॅमेऱ्यानं सहज सहा फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत बसली, मग नोटीस आली, मग तो उतरवला. ते सहा फोटो स्कॅन करून मी एका फुकट सेवेवर टाकले, त्या गृहस्थांना दिसावेत म्हणून. साइटची सुरुवात एवढीच.

मग ती वाढत गेली. गावातले वाडे, बोळांची जुनी नावं, रंगपंचमीच्या रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद) कुठे कुठे आहेत आणि कुठली कधी उघडते, धुळवडीला वीरांच्या मिरवणुकीत कुठल्या घरचे टाक निघतात. गंगेवरची कुंडं, पात्रात काँक्रीट होण्याआधीची. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) सर्वांत जास्त वाचलं जायचं ते पुराचं पान. नाशकात पूर मीटरवर मोजत नाहीत, गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. १९६९ ला पाणी कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीला होतं, २००८ ला कुठवर आलं, २०१६ ला कुठे, २०१९ ला कुठे, हे मी दुकानादुकानांत विचारून लिहिलं होतं. एका दुकानदारानं विमा कंपनीला दाखवायला त्या पानाची प्रिंट नेली होती. तिचा त्याला उपयोग झाला की नाही ते त्यानं सांगितलं नाही, पण दिवाळीला फराळाचा डबा आला.

यंदाच्या मे महिन्यात मोजली तेव्हा १,१४२ पानं होती आणि चार हजारांच्या आसपास फोटो.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. साइट हलवायला माझा विरोध नाही. या साइटनं आजवर तीन बिऱ्हाडं बदलली आहेत आणि तिन्ही वेळा हलवणारी मीच होते. सुरुवातीला मजकूर जुन्या फॉन्टात होता. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. २००७ मध्ये मी सगळं युनिकोडमध्ये आणलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे रूपांतर केलं की माझं गाव 'नािशक' व्हायचं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा. 'पुजाऱ्या'तला र कुठेतरी हरवायचा. प्रत्येक पान मूळ प्रिंटशी ताडून मी दुरुस्त केलं, रात्री दुकान बंद झाल्यावर, सात महिने. एक ओळ गेली नाही.

आमच्या पंचवटीत तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या वह्या असतात. बाहेरगावचा माणूस येतो, गाव आणि आडनाव सांगतो, उपाध्ये बासन सोडतात आणि पणजोबांच्या सहीचं पान काढून दाखवतात. आमच्या उपाध्यांना मी एकदा विचारलं होतं, वही जीर्ण झाली की काय करता? म्हणाले, नवी उतरवतो, दोघं जण बसून ताडून बघतो, आणि तरी जुनी टाकत नाही. सर्व्हर बदलायची याहून चांगली पद्धत मला तुमच्या कुठल्याही मदतपानावर सापडली नाही.

तर आता तक्रारी.

पहिली, सूचनेची. ४ मे रोजी तुमची ईमेल आली. इंग्रजीत. विषयाच्या ओळीत तुम्ही आनंदाची बातमी दिली होती. जुने प्लॅन ३१ मेला बंद होणार ही बातमी सातव्या परिच्छेदात होती. म्हणजे १९ वर्षांच्या बिऱ्हाडाला २७ दिवस, तेही कुणी सातव्या परिच्छेदापर्यंत पोचलं तर. याहूची जिओसिटीज ही फुकट सेवा होती. तिनंही एप्रिल २००९ मध्ये जाहीर केलं आणि २६ ऑक्टोबर २००९ ला दार लावलं. सहा महिने मिळाले, म्हणून तर स्वयंसेवकांना त्यातलं बरंच काही उतरवून ठेवता आलं. मी तर दर वर्षी पैसे भरत होते. एकदाही उशीर नाही.

दुसरी तक्रार या पत्राचं खरं कारण आहे.

१८ मेच्या रात्री तुम्ही मला न विचारता साइट नव्या सर्व्हरवर नेलीत. १९ ला सकाळी दुकान उघडून बघते तर पहिल्या पानावर मराठी नाही. निम्म्या पानांवर विचित्र खुणा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला चिकटून चार पाय फुटलेलं वर्तुळ, आणि दीर्घ वेलांटी, उकार किंवा पाय मोडलेलं अक्षर असेल तिथे चक्क जपानी येनचं चिन्ह. उरलेल्या पानांवर फक्त प्रश्नचिन्हं.

हे दोन वेगवेगळे रोग आहेत. तुमच्या तंत्रज्ञांना हे माहीत असायला हवं. वाचकांसाठी सांगते. देवनागरीतलं एकेक चिन्ह वेबवरच्या नेहमीच्या युनिकोड पद्धतीत (यूटीएफ-८) तीन बाइट घेतं. 'नाशिक' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. माझ्या साइटचा डेटाबेस भाच्यानं २०१० मध्ये बसवून दिला, तेव्हा त्या प्रणालीची ठरलेली अक्षरपद्धत युरोपीय होती, तिच्या नावात 'स्वीडिश' असा शब्दसुद्धा आहे. (भांडीबाजारातल्या मजकुराचा स्वीडनशी काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही.) डेटाबेसमधल्या त्या पद्धतीच्या तक्त्यात मराठी चुकीच्या नावाखाली पण पूर्ण साठत होती. २०१२ मध्ये आम्ही रीतसर युनिकोडचा नवा तक्ता केला आणि पुढचं सगळं त्यात गेलं.

तुमच्या माणसानं सगळा डेटाबेस एकाच, युरोपीय पद्धतीनं बाहेर काढला. त्यामुळे जुन्या तक्त्यातला मजकूर नुसता विस्कटला. पंधरा बाइट जागेवर आहेत, प्रत्येकाला वेगळं अक्षर समजलं गेलं एवढंच. तो उलटा फिरवता येतो. भाच्यानं एका संध्याकाळी चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहून ७११ पानं परत आणली. २७ ऑगस्ट २००३ च्या सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीबद्दल शेजाऱ्यांनी सांगितलेलं त्यात होतं, ते वाचलं.

पण नव्या तक्त्यातला मजकूर? युरोपीय पद्धतीत 'न' नावाचं अक्षरच नाही, म्हणून 'न'च्या जागी प्रश्नचिन्ह. 'नाशिक'च्या जागी पाच, 'गोदावरी'च्या जागी सात. ते उलटं फिरवता येत नाही, कारण आत काही उरलेलंच नाही. तीन प्रश्नचिन्हांवरून मूळ शब्द 'पूर' होता, 'दूर' होता की 'सूर' होता, हे कुणी सांगायचं? अशी ४३१ पानं. जे कामचलाऊ केलं होतं ते वाचलं आणि जे नियमानं केलं होतं तेच गेलं. पूर्णविराम, स्वल्पविराम, परिच्छेद मात्र जागच्या जागी उभे आहेत. मी हट्टानं आकडेसुद्धा देवनागरीत लिहायचे, त्यामुळे सनावळ्याही गेल्या.

या ४३१ पानांतल्या एकाबद्दल सविस्तर लिहिते.

२०१४ मध्ये एक आजी दुकानात आल्या होत्या, नातवाची पत्रिका करायला. नव्वदीच्या आसपास. प्रूफ वाचत बसल्या असताना बोलता बोलता म्हणाल्या, माझे वडील काळारामाच्या सत्याग्रहाला होते. १९३० चा, डॉ. आंबेडकरांनी उभा केलेला सत्याग्रह. त्या तेव्हा लहान होत्या. आई भाकरी बांधून कशी द्यायची, वडील रात्री घरी आले नाहीत की ओट्यावर कोण कोण जमायचं, गल्लीतलं कुठलं दुकान त्यांना उधार देणं बंद करून बसलं, पुढे शाळेत मास्तर त्यांच्याकडे बघून काय म्हणाले. मोठा इतिहास सगळ्या पुस्तकांत आहे, हे कुठे नाही. मी पुढचे चार रविवार त्यांच्या घरी जाऊन वहीत उतरवून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, मग साइटवर टाकलं. दीड वर्षानं त्या गेल्या. २०१६ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, खालचा कप्पा भिजला आणि ती वही लगदा होऊन निघाली. तेव्हा मी भाच्याला काय म्हणाले ते मला स्वच्छ आठवतं. म्हणाले, वही गेली तर जाऊ दे, साइटवर आहे ना.

त्या पानावर आता 'काळाराम'ची सात आणि 'सत्याग्रह'ची नऊ प्रश्नचिन्हं आहेत. खाली आजींचा फोटो आहे. तो दिसतो.

फोटोंचं थोडक्यात सांगते. जुना सर्व्हर विंडोजचा होता, त्याला फाइलच्या नावातली मोठी आणि लहान रोमन अक्षरं सारखीच. नवा लिनक्सचा आहे, त्याला ती वेगळी. म्हणून नऊशेच्या वर फोटो सर्व्हरवर असूनही पानांवर दिसत नाहीत. हे मी हळूहळू नीट करीन. त्याबद्दल तक्रार एवढीच की हलवण्याआधी एक ओळ लिहून सांगितलं असतंत तर महिना वाचला असता.

तिसरी तक्रार उत्तरांची. पहिल्या तिकिटाला उत्तर : कॅशे साफ करा. दुसऱ्याला : दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिसऱ्याला : आमच्याकडे साइट व्यवस्थित उघडते आहे. उघडते, खरंच आहे, प्रश्नचिन्हंही व्यवस्थित उघडतात. चौथ्याला मला कळवण्यात आलं की माझ्या संगणकात मराठी फॉन्ट नाही, तो कसा घ्यावा याची लिंक सोबत आहे. पाचव्या वेळी फोनवर एक मुलगी होती, आवाजावरून माझ्या भाचीएवढी. ती म्हणाली, "मॅडम, इतक्या जुन्या साइट अशाच जातात हो. तुम्ही नवीन प्लॅन घ्या ना, टेम्प्लेट फ्री आहे." तिच्यावर माझा राग नाही, तिला कुणी काही शिकवलेलंच नाही. पण 'अशाच जातात' याच्यावर दोन शब्द. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये मोजून सांगितलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. वाडे पडतात ते पावसानं. वेबपान आपोआप पडत नाही. कुणीतरी बिल भरत नाही, कुणीतरी कंपनी विकतं, कुणीतरी १८ मेच्या रात्री न बघता बटण दाबतं.

चौथी, नावाची. माझ्या साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, २००९ मध्ये तुमच्याकडूनच घेतलं. तेव्हा कंपनी नाशकातलीच होती, दोन खोल्यांची. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते स्वतः स्कूटरवर येऊन पावती देऊन जायचे. नंतर त्यांनी ती तुम्हाला विकली. आता दुसरीकडे जायला निघाल्यावर कळलं की डोमेन माझ्या नावावर नाहीच, कंपनीच्या नावावर आहे. भाऊंनी सोय म्हणून केलं असेल, माझीही चूक की मी सोळा वर्षांत बघितलं नाही. पण आता ते माझ्या नावावर करायला तुम्ही कागदपत्रं मागता, कागदपत्रं दिली की तिकीट बंद होतं, आणि हस्तांतरणाचा कोड काही मिळत नाही. मालकाचं नाव बदललं की साधारणपणे साठ दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे आज नाव बदललं तरी मी ऑगस्टच्या मध्यापर्यंत अडकलेली.

पाचवी तक्रार मला परवाच सापडली. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची वेबपानं उतरवून ठेवते आणि वेबॅक मशीनवर कुणालाही ती फुकट बघता येतात. मी तिथे माझी हरवलेली पानं शोधायला गेले. २०१३ पर्यंतची बरीच मिळाली. त्यानंतर काही नाही. तुमच्या जुन्या मंचावरच्या सूचना चाळल्या तेव्हा कळलं, २०१३ मध्ये सर्व्हरवरचा भार कमी करायला तुम्ही असल्या सगळ्या बॉटना, म्हणजे आपोआप फिरून पानं उतरवून नेणाऱ्या प्रोग्रामना, फायरवॉलमध्ये अडवलंत. सगळ्या ग्राहकांसाठी, कुणालाही न सांगता. तुमची वीज वाचली असेल. आजींचं पान २०१४ चं.

माझ्या बाजूची चूकही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही ती सांगाल. माझी शेवटची पूर्ण बॅकअप २०१९ ची होती. ती ज्या हार्डडिस्कवर होती ती आता टकटक आवाज करते आणि उघडत नाही. त्याआधीच्या सीडींपैकी निम्म्या वाचता येत नाहीत. वर्षाला एकदा कॉपी काढायची आणि ती दुकानात न ठेवता दुसऱ्याच्या घरी ठेवायची, एवढं कळायला पूर पाहिलेल्या बाईला इतका वेळ लागायला नको होता. पण मी निष्काळजी होते म्हणून तुम्हाला मोडतोडीची मुभा मिळत नाही. भाडेकरूनं सामानाचा विमा काढला नसेल तर घरमालकानं ते गच्चीवरून फेकावं असं होत नाही.

आता मागण्या. यात नुकसानभरपाई नाही, हे नीट वाचा.

एक. जुना सर्व्हर ३० जूनला पुसू नका. मूळ तक्त्यांत मजकूर अजून शाबूत असणार, बिघडला तो बाहेर काढताना. मला १८ मेच्या आधीचा डेटाबेस आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा हव्यात. कुणीही त्या 'दुरुस्त' करू नयेत, उघडूनही बघू नयेत. मी प्रत्येक पान तपासून लेखी कळवेपर्यंत मूळ प्रत राहू द्या. जास्तीच्या महिन्यांचं भाडं लागत असेल तर मी देते.

दोन. डोमेन माझ्या नावावर करा आणि हस्तांतरणाचा कोड द्या. साठ दिवसांची अट शिथिल करणं तुमच्या हातात असेल तर करा, नसेल तर तोपर्यंत जुन्या जागी साइट चालू ठेवा.

तीन. २००६ ते २००९ माझी साइट तुमच्याच डोमेनच्या पोटात होती, तुमच्या नावाआधी माझं नाव लावून. त्या पत्त्यावर अजून लोक येतात. एका एम.ए.च्या प्रबंधात तो पत्ता छापलेला आहे, मराठी विकिपीडियाच्या दोन लेखांच्या तळटिपांत आहे. छापलेला कागद मला दुरुस्त करता येत नाही. त्या जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर पाठवणारी पाटी निदान दोन वर्षं राहू द्या. तुमच्या तंत्रज्ञाला हे दहा मिनिटांचं काम आहे.

चार. संग्रहणासाठी येणाऱ्या बॉटना अडवणं थांबवा, किंवा कुणाला अडवायचं ते ग्राहकाला ठरवू द्या.

पाच. माझ्यासारखे जुन्या प्लॅनवरचे तुमचे जेवढे ग्राहक नाशिक जिल्ह्यात असतील त्या सगळ्यांना फोन करा. ईमेल नव्हे, फोन, आणि मराठीत. मला माहीत असलेलेच सात आहेत. त्यात एक तालीम आहे, एक भजनी मंडळ आहे, आणि एक निवृत्त शिक्षक आहेत ज्यांनी आपल्या तालुक्यातल्या झाडांची स्थानिक नावं बारा वर्षं गोळा केली. गुरुजींना मी स्वतः फोन केला तेव्हा ते म्हणाले, साइट तर उघडते आहे. मी म्हटलं, आत जाऊन बघा. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

हे पत्र वाचणाऱ्या अशा सगळ्यांना सांगते : कंपनीच्या पॅनेलमध्ये जाऊन डेटाबेस आजच उतरवून घ्या, पण उतरवून थांबू नका. ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि मराठी वाचता येते का बघा. प्रश्नचिन्हं दिसली तर निर्यात करताना यूटीएफ-८ निवडून पुन्हा काढा. पानं किती, फोटो किती, मोजून लिहून ठेवा. एक प्रत घरात, एक गंगेच्या पाण्याच्या टप्प्याबाहेर. अडलं तर दुकानात या, पैसे घेणार नाही.

एक गोष्ट तुमच्या हातातली नाही, तरी लिहिते. १९५४ च्या कायद्यानं आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. वेबसाइटला असं काही नाही. ब्रिटिश लायब्ररीला २०१३ पासून तिथल्या साइट उतरवून ठेवण्याचा कायदेशीर अधिकार आहे. आमच्या गावात १८४० चं सार्वजनिक वाचनालय आहे. नाशिककराचं कवितेचं चोपडं तिथे सापडेल, पण त्याची साइट कुठेच सापडणार नाही. आता २०२७ चा सिंहस्थ येतो आहे, घाटांवर पुन्हा बांधकाम होणार, आणि आधी कसं होतं हे विचारणारे मग येतील. त्यांना दाखवायला माझ्याकडे प्रश्नचिन्हं असू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

२३ जूनला, सोमवारी, सकाळी ११ वाजता मी तुमच्या कार्यालयात येते आहे. ओळखपत्र, १९ वर्षांच्या पावत्यांची फाइल आणि एक टेराबाइटची रिकामी हार्डडिस्क सोबत असेल. भाचाही येतो आहे. कॉपी व्हायला त्याच्या अंदाजानं दीड तास लागेल. तेवढा वेळ आम्ही बाहेर बाकावर बसू.

आपली,
एक ग्राहक
(क्रमांक तुमच्याकडे आहे)